कळलं नाही म्हणणाऱ्या मावशी

माझ्या शेजारच्या दारात राहणाऱ्या बाई शाळेची व्हॅन चालवतात. मुलं त्यांना मावशी म्हणतात, मुलांचं ऐकून आईबाप मावशी म्हणायला लागले, आणि आता कोपऱ्यावरचा औषधवाला, जो त्यांच्याहून चांगला वीसेक वर्षांनी मोठा असेल, तोही "काय मावशी, आज उशीर?" असं विचारतो. तेव्हा मीही मावशीच म्हणते.

मावशी उंचीने बेताच्या. सीटवर जाड उशी ठेवल्याशिवाय त्यांना समोरचा रस्ता नीट दिसत नाही. त्यांचे यजमान कारखान्यात लेथवर काम करतात. कारखान्याच्या टेम्पोवर सुट्टीच्या दिवशी त्यांनीच बायकोला गाडी शिकवली. आधीच्या व्हॅनवाल्या काकांचे गुडघे गेले, ते व्हॅन विकायला निघाले, तेव्हा "मी चालवते" असं मावशी म्हणाल्या आणि सगळी गल्ली हसली. महिन्याभरात हसणाऱ्यांचीच मुलं त्या व्हॅनमध्ये बसून शाळेला जाऊ लागली.

मला सांगायचंय ते त्यानंतरचं, शाळेने प्रगतिपुस्तकं बदलली त्या वर्षीचं.

जुन्या प्रगतिपुस्तकात विषय, गुण, नंबर आणि पालकांची सही, एवढंच असायचं. वाईट बातमी असली तरी एका नजरेत कळायची. नवीन आलं ते चार पानी, गुळगुळीत कागदाचं. त्यात आलेख होते, रंगीत पट्ट्या होत्या, बाण होते, 'पर्सेंटाइल' नावाचा एक रकाना होता आणि खाली 'अपेक्षित पातळीकडे वाटचाल', 'सुधारणेस वाव' अशी वाक्यं होती. ज्या दिवशी ती वाटली गेली त्या दिवशी व्हॅनमध्ये असा शुकशुकाट होता, की कुठल्या मुलाला शाळेतच विसरून आले की काय, असं वाटून मावशींनी आरशात दोनदा डोकी मोजली.

एरवी त्या व्हॅनमध्ये शांतता असणं शक्यच नव्हतं, कारण तिच्यात 'रेडिओ' होती. रेडिओ म्हणजे चौथीतली एक मुलगी, वायरमनची लेक. चढली की सुरू व्हायची ती उतरेपर्यंत: कुणाच्या मांजरीला किती पिल्लं झाली, खालच्या काकूंचं कुणाशी वाजलं, सगळ्या बातम्या ताज्या. त्या दिवशी रेडिओही बंद होती. दप्तर पोटाशी धरून खिडकीबाहेर बघत बसली होती. तिचा स्टॉप आला तेव्हा ती सगळ्यात शेवटी उतरली आणि दारातून वळून म्हणाली, "मावशी, मला गणितात खूप छान मिळालंय."

"अगं मग तोंड का असं?"

"काही नाही," म्हणाली आणि पळाली.

मावशी घरी आल्या. त्यांची स्वतःची लेक, जिला आम्ही सगळे ठमी म्हणतो, तीही चौथीतच. यजमान सकाळपाळी संपवून नुकतेच आले होते, हातावरचं ग्रीस अजून पुरतं निघालं नव्हतं. त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत कागद धरला आणि वाचला. भाषेपुढे बासष्ट. मागच्या वर्षी भाषेत ब्याऐंशी गुण होते.

"वीस गुण कमी?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण पडला होता, आणि ठमीला तेच जास्त लागलं. ती रडायला लागली. "बाबा, ते गुण नाहीयेत!"

"मग काय आहेत?"

"मला काय माहीत!"

आमच्या दोन घरांमधल्या भिंती इतक्या पातळ आहेत की हे सगळं मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. यजमान म्हणत होते, टीव्ही बंद, चित्रकलेचा वर्ग बंद, उद्यापासून शिकवणी. मग मावशींचा आवाज आला.

"अहो, थांबा. तुम्हाला कळलंय का हे?"

"त्यात कळायचं काय? बासष्ट लिहिलंय."

"बासष्ट काय? आंबट की गोड? मला तर काही कळलेलं नाही. कळत नाही तोवर पोरीला रागवायचं नाही."

इथे मावशींचं एक सांगायला हवं. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्या गणितात नापास झाल्या होत्या. घरी निकालाचा कागद वडिलांनी न बोलता बघितला, घडी करून खिशात ठेवला आणि त्यानंतर शिक्षणाचा विषय त्या घरात कधी निघाला नाही. किती कमी पडले, कुठे चुकलं, परत बसता येईल का, कुणीच विचारलं नाही. मावशींनीही नाही. "विचारायचं असतं हेच ठाऊक नव्हतं," असं त्या मला एकदा कपडे वाळत घालताना म्हणाल्या होत्या. राग नव्हता त्यात. एखादा पत्ता चुकला होता असं सांगावं, तसं सांगितलं.

तर दुसऱ्या दिवशी मुलांना शाळेत सोडून मावशींनी व्हॅन फाटकाशी लावली आणि त्या चौथीच्या बाईंना जाऊन भेटल्या. बाई घाईत होत्या, हातात खडूचा डबा होता. मावशी म्हणाल्या, "बाई, मला हे कळलं नाही. समजावून सांगाल?"

बाईंनी डबा खाली ठेवला. "समजा शंभर मुलं उंचीप्रमाणे ओळीत उभी केली, तशी या चाचणीच्या गुणांप्रमाणे उभी केली. ही चाचणी पुष्कळ शाळांमधल्या मुलांनी दिलीय. त्या ओळीत ठमीच्या मागे बासष्ट मुलं आहेत. हे तिचे गुण नाहीत, ओळीतली जागा आहे."

"म्हणजे ती घसरली नाही?"

"अजिबात नाही. ठीक आहे ती. मधल्याच्या जरा पुढे."

मावशींच्या जिवात जीव आला. संध्याकाळी त्यांनी यजमानांना ओळ समजावली. यजमानांनी नीट ऐकलं, विचार केला आणि म्हणाले, "म्हणजे सदतीसेक पोरं पुढे आहेत तर!" मग स्वतःच हसले. ठमीने डोळे पुसले आणि चित्रकलेचा वर्ग वाचला.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण स्टॉपवर उभ्या असलेल्या आयांना ही बातमी रेडिओशिवायच कळली. "मावशी, जरा आमचंही बघता का?" म्हणून खिडकीतून कागद आत यायला लागले. मावशींना नाही म्हणता येत नाही, हा त्यांचा स्वभावच आहे. त्या व्हॅनचं इंजिन बंद करून ओळीची गोष्ट सांगायच्या. आणि इथेच त्यांच्या हातून एक चूक झाली.

व्हॅनमध्ये चौथीतलीच एक चष्मेवाली मुलगी होती. वाचनाची भारी आवड. रोज सकाळी दुसऱ्या रांगेत बसून त्या दिवसाचा धडा मोठ्याने वाचायची. तिची आई इस्पितळात नर्स. रात्रपाळीहून परतताना तिने मावशींना रस्त्यातच गाठलं. लेखनाच्या रकान्यापुढे खाली तोंड केलेला बाण होता. "हा काय?" तिने विचारलं. मावशींनी बघितलं. आणि त्या म्हणाल्या, "खाली बाण म्हणजे खाली गेली असणार."

नर्सबाई रात्रभराच्या दमलेल्या होत्या. घरी जाऊन त्यांनी लेकीची गोष्टीची पुस्तकं कपाटात टाकून कुलूप लावलं. आधी अभ्यास, मग गोष्टी.

दोन-तीन दिवस चष्मेवाली व्हॅनमध्ये गप्प. वाचणं बंद. मावशींनी विचारल्यावर तिने सांगितलं. मुलं उतरल्याबरोबर त्या बाईंकडे गेल्या. पोरीच्या दप्तरातला कागद काढून बाण दाखवला. बाई म्हणाल्या, "अहो, तो बाण म्हणजे शेरा खाली पाहा. बघा ना, शेवटच्या पानावर." शेवटच्या पानावर शेरा होता: 'लेखन फार सुरेख. वर्गात सर्वांना वाचून दाखवावे.'

दुसरं कुणी असतं तर पुढच्या वेळी सहज बोलता बोलता सांगून टाकलं असतं. मावशी त्याच संध्याकाळी नर्सबाईंच्या घरी गेल्या. आईला सांगितलं ते सांगितलंच, पण आधी त्या मुलीसमोर बसल्या, तिच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन, आणि म्हणाल्या, "बाळा, तुझी पुस्तकं माझ्यामुळे कुलपात गेली. मला माहीत नव्हतं आणि मी माहीत असल्यासारखं बोलले. चुकलं माझं."

नर्सबाईंनी किल्ली काढली. चष्मेवालीने विचारलं, "मग आता बाण तुम्हाला कळला?" मावशी म्हणाल्या, "कळला. आणि माझ्यासारखीने दुसऱ्याला समजवायला जाऊ नये, हेही कळलं."

मला मावशी खऱ्या आवडायला लागल्या त्या इथून. चूक झाली म्हणून त्यांनी अंग काढून घेतलं नाही. त्यांनी एवढंच ठरवलं, की आपण समजवायचं नाही, ज्यांनी लिहिलंय त्यांच्याकडून समजून घ्यायचं, आणि एकटीने नाही, सगळ्यांनी.

पुढच्या पालकसभेला मावशींनी सोबतीला म्हणून मलाही नेलं, तेव्हा मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नवीन प्रगतिपत्रकाबद्दल बोलून झाल्यावर विचारलं, "काही शंका?" सगळं सभागृह मान डोलावत होतं. मावशी उठल्या. बसल्या तेवढ्याच उंच दिसत होत्या म्हणून मोठ्या बाईंना आधी कोण बोलतंय ते दिसेना.

"मला कळलं नाही," मावशी म्हणाल्या. "एक पान बाईंनी समजावलं म्हणून कळलं. बाकीची तीन पानं डोक्यावरून गेली. आणि मी त्यातलं चुकीचं काहीतरी एकीला सांगितलं, तर एका मुलीला विनाकारण शिक्षा झाली. म्हणून विचारते."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग पहिल्या रांगेतून एक गृहस्थ उठले. बँकेत साहेब असलेले, नेहमी टाय लावून येणारे. "खरं सांगायचं तर मलाही तो आलेख समजला नाही," ते म्हणाले. "मुलाने मला विचारलं, तर मी म्हणालो आईला विचार." सभागृहात हशा पिकला, आणि त्यानंतर हात वर व्हायला लागले. एक आजोबा म्हणाले, "आमच्या नातवाच्या कागदावर 'सुधारणेस वाव' आहे. आम्ही खूश होतो. जागा आहे म्हणतायत ना!"

मोठ्या बाई आधी जरा ताठरल्या होत्या, पण आजोबांच्या बोलण्यावर त्याही हसल्या. चौथीच्या बाई उठून म्हणाल्या, "चूक आमचीही आहे. ही वाक्यं आम्हाला यादीतून निवडायची असतात. मुलाबद्दल जे खरं सांगायचं असतं ते त्यात बसत नाही. तुम्ही समोर आलात तर मला दहा मिनिटांत सांगता येईल."

असं ठरलं, की एका शनिवारी सकाळी आईबापांनी कागद आणि मूल घेऊन वर्गात यायचं. ज्यांना पोचणं अवघड होतं त्यांना आणायला मावशी व्हॅन घेऊन गेल्या, आणि मीही मदतीला बरोबर होते. त्या दिवशी पहिल्यांदा व्हॅनमध्ये मोठी माणसं बसली होती आणि मुलांपेक्षा जास्त धास्तावलेली होती.

रेडिओच्या घरचे येणार नव्हते. वायरमन म्हणाला होता, "गणितात एक्क्याण्णव आहे पोरीला. ओळीत एक्क्याण्णव जण मागे! मला काय समजून घ्यायचंय?" त्याने तो कागद आपल्या दुकानाच्या भिंतीवर, स्विचबोर्डाच्या शेजारी चिकटवला होता. पहिलं पान तेवढं.

पण मावशींना ते "काही नाही" खटकत होतं. आणि चष्मेवालीचं वाचन बंद होतं त्या दिवसांत त्यांनी एक गोष्ट पाहिली होती: रेडिओ कासावीस झाली होती. "वाच ना गं, वाच ना," म्हणून तिच्या मागे लागली होती. वाचन परत सुरू झालं, तेव्हा मावशींनी आरशातून नीट पाहिलं. जगाच्या बातम्या सांगणारी ही पोर धडा सुरू झाला की ओठ मिटून ऐकायची आणि मग स्वतःशी पुटपुटायची. पाठ करत होती ती.

शुक्रवारी शेवटच्या स्टॉपला व्हॅनमध्ये दोघीच उरल्या, तेव्हा मावशींनी गाडी बाजूला घेतली. "रेडिओ, तुला वाचायला अवघड जातं का?"

पोर एकदम पांढरी पडली. "बाबांना सांगू नका."

"मी नाही सांगणार. तुझी गोष्ट आहे, तूच सांगायची. उद्या बाई असतील, मी तुझ्या शेजारी बसेन. अगदी तुला बोलता आलंच नाही तर आपण तिघी गप्प बसून येऊ."

"तुम्ही गप्प बसाल?"

"प्रयत्न करेन. तू बसशील का, हा खरा प्रश्न आहे."

रेडिओ हसली. काय तिने घरी सांगितलं कोण जाणे, पण शनिवारी वायरमन आला. कमरेला टेस्टर आणि पक्कड तशीच, कामावरून मध्येच आलेला. मुलांच्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसला. बाईंनी पहिलं पान मनापासून वाखाणलं. मग शेवटचं उघडलं आणि म्हणाल्या, "इथे मी लिहिलंय, 'मौखिक आणि वाचन कौशल्यात तफावत.' म्हणजे सरळ सांगते. ती बोलते छान, गणित तोंडी घातलं तर सगळ्यांच्या आधी उत्तर देते. पण छापलेलं वाचायला तिला फार त्रास होतो."

"काहीतरीच!" वायरमनचा आवाज चढला. "दिवसभर बोलत असते. घरी धडे घडाघडा म्हणून दाखवते माझ्यासमोर!"

बाई काही बोलणार, तेवढ्यात रेडिओ म्हणाली, "बाबा, मी ते पाठ केलेले असतात." आणि मग तिने सगळं सांगितलं. सकाळचं ऐकणं, पुटपुटणं, नवीन पान आलं की पोटात दुखतं म्हणून सांगणं. मावशी तिच्या शेजारी बसल्या होत्या. खरोखरच गप्प.

वायरमन उठला आणि बाहेर गेला. आम्हाला वाटलं, गेला. काचेतून दिसत होतं: तो व्हरांड्यात उभा होता, तिथल्या पंख्याचं बटण लावत होता, बंद करत होता, लावत होता. बाई अस्वस्थ झाल्या. मावशींनी हातानेच थांबा म्हटलं. थोड्या वेळाने तो परत आला, बाकावर तसाच गुडघे दुमडून बसला आणि लेकीला म्हणाला, "एवढे सगळे धडे? पाठ?"

"हो."

"अख्खं पुस्तक?"

"कविता पण."

"बाप रे," तो म्हणाला आणि त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग बाईंकडे वळला. "बरं. पुढे काय करायचं ते सांगा."

पुढे काय करायचं ते बाईंना ठाऊक होतं. अशा मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या एक ताई होत्या. आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर रेडिओ त्यांच्याकडे जायला लागली. लगेच काही जादू झाली नाही. वर्षभर तर ती मधूनमधून चिडायची, पुस्तक फेकायची. पाचवीत एकदा व्हॅन सिग्नलला थांबली असताना तिने समोरच्या दुकानाची पाटी अक्षर-अक्षर लावून वाचली, 'इथे छत्र्या दुरुस्त करून मिळतील', आणि मागचे गाडीवाले हॉर्न वाजवत राहिले तरी ती पुरी होईपर्यंत मावशींनी गाडी हलवली नाही. आजही ती सावकाशच वाचते. पण वाचते, आणि वाचलेलं सगळ्यांना ऐकवते.

शनिवारची बैठक मग दर सत्राला व्हायला लागली. बाईंनी शेऱ्यांची यादी बाजूला ठेवली आणि स्वतःच्या शब्दांत लिहायला सुरुवात केली. मोठ्या बाईंनी तो बाण काढून टाकला. ठमीचं पुढचं पर्सेंटाइल अठ्ठावन्न आलं, तेव्हा यजमानांनी तिला एवढंच विचारलं, "तुला स्वतःला कसं वाटलं, अवघड होतं?" मला भिंतीपलीकडून ते ऐकू आलं आणि मी इकडे गॅस बारीक करून उभी राहिले, उत्तर ऐकायला. ठमीने चांगला अर्धा तास उत्तर दिलं. बापाने ऐकलं.

या सगळ्यात मावशींनी कधी मोठेपणा मिरवला नाही, असं म्हणायचा मोह होतो, पण ते खरं नाही. 'आमच्या बैठकीत' असं त्या अगदी तोऱ्यात म्हणतात. म्हणू देत. त्यांचा हक्कच आहे.

मागच्या उन्हाळ्यात एका रविवारी चौथीच्या बाईंचा त्यांना फोन आला. हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. मुलांच्या निकालांबद्दल मावशी कुणाकडे चकार शब्द काढत नाहीत. बाईंच्या मुलाचा शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा निकाल लागला होता. मावशी गेल्या. बाई जेवणाच्या टेबलाशी बसल्या होत्या, समोर कागद पालथा घातलेला.

"मावशी, यातलं सगळं मला कळतंय," बाई म्हणाल्या. "प्रत्येक आकडा कळतो. इतकी वर्षं दुसऱ्यांना समजावतेय. पण माझ्याच मुलाला काय बोलू ते सुचत नाहीये."

"तो कुठंय?"

"आत. दार लावून."

"जेवलाय?"

"सकाळपासून काही नाही."

मावशी उठल्या. ओट्याकडे जाऊन त्यांनी अंडी कुठे आहेत विचारलं, तव्यावर आम्लेट टाकलं, पाव भाजला. वास आत गेला असणार. त्यांनी दारावर टकटक केली नाही, नुसत्या बाहेरून म्हणाल्या, "अरे, तुझ्या आईला एकटीला हा कागद वाचवत नाहीये. खाऊन घे आणि जरा तिच्या शेजारी येऊन बस."

जरा वेळाने कडी निघाली. डोळे सुजलेला, आईपेक्षा हातभर उंच मुलगा बाहेर आला आणि खुर्ची ओढून आईला लागून बसला. मावशींनी दोघांसमोर बश्या ठेवल्या, चहा टाकला, आणि चहा उकळायच्या आत चपला घालून निघूनही गेल्या.